परत गेलेलं तांबं, राहून गेलेलं शिसं

१९९३ च्या पावसाळ्यात रत्नागिरीने तांब्याचा एक कारखाना थांबवला. स्टरलाइट कंपनीला औद्योगिक विकास महामंडळाकडून इथे ५०० एकर जमीन मिळाली होती, वर्षाला ६०,००० टन तांबं गाळण्याचा बेत होता आणि बांधकामही सुरू झालं होतं. आंबा बागायतदार, मच्छीमार आणि शहरातली साधी माणसं विरोधात उभी राहिली. १५ जुलै १९९३ रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला काम थांबवायला सांगितलं. पुढच्या वर्षी प्रकल्प तमिळनाडूत, तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये विरोध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १३ माणसं गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने कारखान्याला टाळं ठोकलं. त्या बातम्या वाचताना रत्नागिरीत अनेकांच्या मनात एकच विचार होता: हे आपल्या दारात झालं असतं.

हा अभिमान रास्त आहे. मी रत्नागिरीत वाढलो, इथेच रसायनशास्त्र शिकवतो आणि वर्गात धातूंचा धडा आला की हा प्रसंग सांगतो. पण त्याच्याच बाजूला एक दुसरा इतिहास आहे आणि तो कुणी सांगत नाही. धातू या जिल्ह्यात आले ते चिमणीतून आले नाहीत. ते मोटारींबरोबर आले, गॅरेजांच्या अंगणात सांडले आणि तिथेच राहिले. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही, कारण मोर्चा न्यायला त्यांना एक फाटक नव्हतं.

आगबोट, एसटी, गॅरेज

मोटार कोकणात उशिरा रुळली. मुंबईला जायचं तर आगबोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. देशावर जायचं तर आंबा किंवा कुंभार्ली घाट. मधल्या खाड्यांवर पूल नव्हते, गाडी असली तरी ती तरीवर चढवून पलीकडे न्यावी लागे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तीच लाल गाडी कोकणातल्या वाडीवाडीपर्यंत पोचली. कोयना प्रकल्पाच्या कामाने पोफळी-अलोरे भागात ट्रक आणि अवजड यंत्रं आणली. खाड्यांवर पूल झाले, मुंबई-गोवा महामार्ग सलग झाला. तेव्हाचा १७ क्रमांकाचा, आताचा ६६. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि पुढच्या वर्षीपासून कोलाड ते वेर्णा ट्रकच रेल्वेवर चढवून नेण्याची सोयही झाली. तरी आंबा, मासळी, चिरा आणि वाळू वाहणारे ट्रक रस्त्यावर राहिलेच.

गॅरेज कुठे उभं राहतं ते रस्त्याचा नकाशा पाहून सांगता येतं. घाट चढण्याआधी, घाट उतरल्यावर आणि तिठ्यावर. म्हणून हातखंबा, पाली, साखरपा, लांजा, संगमेश्वर, चिपळूणचा बहादूरशेख नाका. एका ठिकाणी एक मिस्त्री बसला की शेजारी बाकीचे येतात: पाटेवाला, रेडिएटरवाला, बॅटरीवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, टायरवाला, लेथवाला. शेड पत्र्याची किंवा चिऱ्याची, आणि खाली बहुतेक ठिकाणी मातीच. गाडी खड्ड्यावर उभी करायची, मिस्त्री खाली उतरणार, वरून जे गळेल ते खड्ड्यात.

ही शेडं म्हणजे या जिल्ह्यातलं एक मोठं तंत्रविद्यालय होतं. शाळेत मन न लागलेला पोरगा तिथे हेल्पर म्हणून लागायचा आणि दहा वर्षांनी स्वतःची शेड टाकायचा. पुढे त्यातले कितीतरी जण आखातात गेले आणि त्यांच्या पैशांनी गावाकडे स्लॅबची घरं उभी राहिली. म्हणून ही गोष्ट मिस्त्र्यांविरुद्धची फिर्याद म्हणून वाचू नये. पहिलं विष त्यांच्याच हातांना लागलं आहे.

पेट्रोलातलं शिसं

पेट्रोलात शिसं मुळात नसतं. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याला आढळलं की टेट्राएथिल लेड नावाचं द्रव्य किंचित घातलं तर इंजिन ‘ठोकत’ नाही. इथेनॉलनेही हेच काम होत असे, पण त्याचं पेटंट मिळण्यासारखं नव्हतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रव्याने हात धुऊन दाखवले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. औद्योगिक विषबाधेच्या मोठ्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि जगभरच्या गाड्या पन्नासहून अधिक वर्षं शिशाचं पेट्रोल पीत राहिल्या.

भारतात एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे. हिशेब सोपा आहे. वर्षाला हजार लिटर पेट्रोल जाळणारी एक ॲम्बॅसेडर अर्ध्या किलोहून जास्त शिसं घेऊन फिरायची. त्यातलं बहुतेक धुराबरोबर रस्त्याकडेला पडे. उरलेलं सायलेन्सरच्या काजळीत आणि इंजिनच्या ऑइलमध्ये साठे. त्या काळात पेट्रोल गाडीचं जळकं ऑइल काढलं की लिटरमागे काही ग्रॅम शिसं त्यात असणं ही जगभरची नोंद आहे. सायलेन्सर ठोकून साफ करायचा आणि ऑइल बदलायचं, ही दोन्ही कामं गॅरेजच्या अंगणातली.

१९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं, १९९५ मध्ये तिथे बिनशिशाचं मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. कायद्याच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते. मातीत ती संपत नाही. प्लास्टिकचा निदान तुकडा पडतो, कीटकनाशकाचे रेणू मोडतात. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कशातही मोडत नाही, फक्त जागा बदलतं.

बॅटरीवाल्याची भिंत

आपल्याकडे एसटी, ट्रक, ट्रॅक्स सगळं डिझेलवर. डिझेलमध्ये शिसं घालत नसत. म्हणून रत्नागिरीच्या गॅरेजांत शिसं शोधायचं तर पेट्रोलपेक्षा बॅटरीकडे आधी पाहायला हवं. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केलेली ही वस्तू मुळात फारशी बदललेली नाही: शिशाच्या प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल. मोटारीच्या एका बॅटरीत आठ-दहा किलो शिसं असतं, ट्रकच्या बॅटरीत त्याच्या दुपटीहून जास्त.

आजची बॅटरी बंद डब्यात येते आणि जुनी देऊन नवी घेतली जाते. सत्तर-ऐंशीच्या दशकात बॅटरी उघडत असत. एबोनाइटचा काळा डबा, वर डांबराचा थर. तो थर तापवून काढायचा, ॲसिड ओतायचं, खराब प्लेटा उपसायच्या, नव्या बसवायच्या आणि शिशाची कांडी वितळवून जोड द्यायचा. हे काम चाळीस वर्षं केलेल्या एका चाचांना मी विचारलं की डब्याच्या तळाशी बसलेला गाळ कुठे जायचा. ते म्हणाले, “सर, कुठं जाणार? ह्या गडग्याच्या कडेला ओतायचा. तिकडं गवत धरत नसे, एवढं आमाला कळायचं.”

तो गाळ म्हणजे शिशाचं सल्फेट आणि ऑक्साइड. गवत न धरणं ही बहुधा ॲसिडची करामत. ॲसिड पावसात वाहून गेलं की गवत परत येतं आणि जागा निर्दोष दिसू लागते. शिसं मात्र तिथेच असतं.

बाकीच्या कामांची यादीही छोटी नाही. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यांचे टाके शिसं-कथिलाच्या डागाचे. चाक बॅलन्स करायला रिमवर ठोकायचं वजन शिशाचं. ब्रेकच्या लायनरमध्ये तांबं. इंजिन ऑइलमध्ये झीज कमी व्हावी म्हणून जस्ताचं संयुग मुद्दाम घातलेलं असतं, आणि वापरानंतर त्यात बेअरिंगचं तांबं-शिसं आणि पिस्टन रिंगचं क्रोमियम मिसळतं. टायरच्या रबरात जस्ताचा ऑक्साइड असतो. पिवळ्या रंगात वर्षानुवर्षं लेड क्रोमेट होतं. डेंटर तो रंग पॉलिश पेपरने घासतो तेव्हा शिसं आणि क्रोमियम दोन्ही भुकटी होऊन खाली बसतात. घराच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा आहे.

आणि जळकं ऑइल तर अंगणाबाहेरही जातं. सेंटरिंगच्या पाट्यांना लावायला, वाशांना वाळवी लागू नये म्हणून, कुंपणाच्या खांबांना. कोकणातल्या घरात काळ्या ऑइलचा डबा असणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

जांभा काय धरून ठेवतो

१८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या अंगडिपुरमजवळ पाहिलेल्या लाल दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. जमिनीत मऊ असताना कापायचा, वाऱ्यावर कडक होतो. आपला जांभा तोच. बेसॉल्टवर लाखो वर्षं पाऊस पडून सिलिका आणि चुना धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मागे राहिले.

या जांभ्याच्या दोन गुणांमुळे गॅरेजच्या मातीचा प्रश्न इथे वेगळा होतो. पहिला गुण भल्याचा: लोहाचे ऑक्साइड शिशाला घट्ट पकडतात. त्यामुळे बहुतेक शिसं वरच्या थरातच राहतं, पाण्यात विरघळून सहज खाली जात नाही. दुसरा गुण उलटा: या मातीत चुना नाही, ती मुळातच आंबट आहे, आणि माती जितकी आंबट तितकी ही पकड सैल. त्यात जांभा भोकाभोकांचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तेव्हा न विरघळताही मातीचे कण शिशासकट वाहतात. गॅरेज वर रस्त्याला असतं. विहीर, पऱ्या आणि भातखाचर खाली.

मापनातही एक फसवी जागा आहे. क्रोमियम, निकेल आणि व्हॅनेडियम जांभ्यात निसर्गतःच भरपूर असतात. गॅरेजच्या मातीत क्रोमियम सापडलं म्हणून बोंब मारणारा उघडा पडेल, कारण शेजारच्या सड्यावर, जिथे कधी बैलगाडीही गेली नाही, तिथेही ते सापडेल. शिशाचं तसं नाही. बेसॉल्टमध्ये शिसं फारच थोडं, किलोमागे काही मिलिग्रॅम. म्हणून कोकणात शिसं हा सरळ साक्षीदार आहे. त्याच जांभ्याचा एक नमुना गॅरेजमधून, एक दूरच्या कातळावरून घ्यायचा; फरक दिसेल तो माणसाने केलेला.

नायजेरियात हा अभ्यास पुष्कळ झाला आहे. तिथे अनेक शहरांनी मिस्त्र्यांना शहराबाहेर एकत्र वसवलं. त्या वसाहतींना ‘मेकॅनिक व्हिलेज’ म्हणतात. एका जागी शेकडो शेडं, त्यामुळे संशोधकांना माती कुठून उचलायची ते ठाऊक असतं, आणि शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम आसपासच्या मातीपेक्षा कितीतरी वाढलेलं त्यांनी पुनःपुन्हा नोंदवलं आहे. आपलं गॅरेज विखुरलेलं आहे. त्याचा प्रश्नही विखुरलेला राहतो.

आता तर तो जागाही बदलतो आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची कितीतरी शेडं उठली. मिस्त्री पुढे सरकले आणि नवी शेडं टाकली. जुन्या अंगणातली माती जेसीबीने खरवडली, डंपरमध्ये भरली आणि कुठे ना कुठे भराव म्हणून गेली. भराव घेणारा विचारतो ती माती आहे की मुरूम, एवढंच. पूर आला की हेच काम पाणी करतं. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणभर फिरलं तेव्हा दुकानं, घरं, गाड्या आणि गॅरेजं यांचं सगळं एकाच गाळात मिसळलं. तो गाळ लोकांनी फावड्यांनी आपल्या ओसरीवरून काढला.

कुणाच्या अंगात जातं

शिशाची विषबाधा दिसत नाही. मोठ्या माणसात रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड थकतं, पोटात कळ येते, मनगट ढिलं पडतं. मुलाच्या बाबतीत मेंदूवर परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेल्या शिशापैकी मूल मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषतं. ते हाडात जाऊन बसतं आणि दशकं राहतं. गरोदरपणात आईच्या हाडातून सुटून बाळापर्यंत पोचतं. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी हिशेब मांडला: जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं चिंता करावी इतकं आहे, आणि त्यात भारतातली मुलं सर्वांत जास्त.

सेनेगलमध्ये, डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम वर्षानुवर्षं चालत होतं. शिशाचा भाव वाढला तशा तिथल्या बाया तिथली वाळू चाळून शिसं वेचू लागल्या आणि माती घरी आणू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुलं दगावली. कारखाना नव्हता, चिमणी नव्हती. माती होती, आणि घरात आलेली माती होती.

रत्नागिरीचं गॅरेज म्हणजे थियारोय नव्हे. पण रस्ता तोच आहे: हात, कपडे, घर. हेल्पर पोरगा पेट्रोलने हात पुसतो, त्याच हाताने वडापाव खातो. संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जाऊन धाकट्या बहिणीला उचलतो. शेडच्या मागे मिस्त्रीचं बिऱ्हाड असेल तर त्याची मुलं त्याच अंगणात रांगतात.

हवेला कायदा, पाण्याला कायदा

आपण १९७४ मध्ये पाण्याचा कायदा केला, १९८१ मध्ये हवेचा, १९८६ मध्ये पर्यावरणाचा. मातीच्या नावाचा कायदा केला नाही. १९८९ च्या घातक कचरा नियमांनी जळकं ऑइल घातक ठरवलं. २००१ मध्ये बॅटरीचे नियम आले, २०२२ मध्ये नवे आले आणि वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. या नियमांचा उपयोग झाला आहे, यात शंका नाही. पण ते सगळे वस्तूंवर नजर ठेवतात. वस्तू फुटून, गळून, घासून जमिनीत गेली की ती त्यांच्या नजरेतून सुटते.

याचा एक विचित्र परिणाम आहे. शहराच्या कचऱ्यापासून केलेलं खत विकायचं तर खत नियंत्रण आदेशानुसार किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. ज्या मातीत ते खत घालायचं, तिला कुणी हा प्रश्न विचारत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये घराच्या अंगणातल्या मातीसाठी शिशाची धोक्याची पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची यादी करायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, अशी त्यात तरतूद आहे. पहिल्यांदाच मातीला सरकारी कागदावर जागा मिळाली. पण यादीत नाव कुणाचं येणार? बंद कारखान्याचं येईल, कचरा डेपोचं येईल. हातखंब्याच्या तिठ्यावर १९७५ ते १९९५ बॅटऱ्या उघडल्या गेलेली दहा बाय वीसची जागा, जिच्यावर आज मोबाइलचं दुकान आहे, ती कोण सुचवणार?

ती सुचवू शकतील अशी माणसं अजून आहेत. कोणत्या गडग्याच्या कडेला गाळ ओतला, कोणत्या शेडात रेडिएटर डागले, कुठला खड्डा भरून वर काय बांधलं, हे साठी-सत्तरीतल्या मिस्त्र्यांना तोंडपाठ आहे. ही माहिती कुठल्याही दफ्तरात नाही आणि आणखी वीस वर्षांनी कुणाच्या डोक्यातही नसेल. ग्रामपंचायतीने एका दुपारी चार म्हाताऱ्या मिस्त्र्यांना बोलावून चहा पाजला आणि गावच्या नकाशावर खुणा करून घेतल्या, तरी जिल्ह्याच्या यादीचं पहिलं पान तयार होईल. त्या खुणांजवळची विहीर, अंगणवाडी आणि परसातला भाजीचा वाफा आधी तपासावा. शिशाचं मापन करणारं यंत्र आज मोठ्या प्रयोगशाळांत सहज असतं. माती चहाच्या कपभर लागते.

चालू गॅरेजांचं काम त्याहून सोपं आहे. खाली कोबा, ऑइलला झाकणाचा पिंप, रंग घासायची जागा आडोशाला, जेवणाआधी साबणाने हात आणि घरी जाण्याआधी बदललेले कपडे. कोबा घालायला मिस्त्रीला कर्ज मिळालं आणि भाड्याची जागा पाच वर्षं हलणार नाही याची हमी मिळाली, तर तो घालेल. आज रस्ता रुंद होईल म्हणून उद्या उठावं लागणारा माणूस जमिनीवर पैसे का घालील?

ज्या पिढीने १९९३ मध्ये कारखाना परत पाठवला, तिने कंपनीचे कागद मागवून वाचले होते. तिथे निदान कागद होते. गॅरेजच्या मातीचा कागद आपल्यालाच लिहावा लागेल, आणि सांगणारे मिस्त्री आहेत तोवरच तो लिहून होईल.